विघ्नहर्ता ओंकार
राजूरच्या गणेशक्षेत्राचा योगबोध

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस घरोघरी श्रीगणेशाची मूर्ती विराजमान होते, आरतीचा घोष होतो आणि अथर्वशीर्षाची आवर्तने सुरू होतात. पाठाच्या आरंभी आपण ओंकार उच्चारतो; परंतु पुढील पाठाच्या घाईत तो बहुधा निसटता होतो. वास्तविक, ज्या देवतेची आपण स्थापना केली, तिचे मूळ स्वरूपच ते एकाक्षर आहे.

या विचाराचे एक पुरातन अधिष्ठान मराठवाड्यात आहे. जालना शहराच्या उत्तरेस सुमारे २५ किलोमीटरवर, भोकरदन तालुक्यात राजूर हे गणेशक्षेत्र वसले आहे. परंपरा त्यास 'राजसदन' म्हणते, आणि महाराष्ट्रातील साडेतीन गणेशपीठांत त्याची गणना करण्याचा प्रघात आहे. अंगारकी चतुर्थीस येथे भाविकांची रीघ लागते.

गणेशपुराणातील कथा अशी : वरेण्य राजाने आपल्या नवजात पुत्राचे विलक्षण रूप पाहून त्यास अरण्यात टाकविले. पराशर ऋषींनी त्याचा सांभाळ केला. त्याच गजाननाने पुढे सिंदूरासुराचा वध केला, तेव्हा राजाला पुत्राची ओळख पटली. पश्चात्तप्त पित्याने राज्य वा वैभव न मागता मुक्तीचा मार्ग विचारला. पुत्राने पित्यास केलेला तो उपदेश म्हणजे ११ अध्यायांची गणेशगीता. हा उपदेश राजूर येथे झाला, अशी श्रद्धा आहे.

या गीतेत योगाचे सविस्तर विवेचन आहे. बारा, चोवीस व छत्तीस अक्षरांच्या कालावधीनुसार प्राणायामाचे लघु, मध्यम व उत्तम असे प्रकार तीत सांगितले आहेत. सिंह किंवा मत्त हत्ती जसा हळूहळू माणसाळवावा, तसा प्राण वश करावा, असा दृष्टांतही तीत येतो. साधनेत बळजबरी नको, हाच त्याचा आशय.

तीन मात्रा आणि मौन

मांडूक्य उपनिषद केवळ १२ मंत्रांचे. पण त्याचा संपूर्ण विषय ओंकार हाच आहे. अकार म्हणजे जागृती, उकार म्हणजे स्वप्न, मकार म्हणजे सुषुप्ती. आणि उच्चार विरल्यावर उरणारी अमात्र शांती म्हणजे तुरीय. अथर्वशीर्षही गणेशास या तीनही अवस्थांच्या पलीकडचा म्हणते. श्रीज्ञानेश्वरमाउलींनी शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या मंगलाचरणात हेच तत्त्व मूर्तीत पाहिले : अकार हे गणेशाचे चरणयुगुल, उकार हे विशाल उदर आणि मकार हे मस्तकाचे महामंडल. मूर्तीसमोर हात जोडताना आपण ओंकारासमोरच हात जोडतो, तो या अर्थाने.

साधना कशी करावी

पहाटे अथवा सायंकाळी दिवेलागणीनंतर, पोट हलके असताना, आसनावर पाठीचा कणा सरळ ठेवून बसावे. श्वास सावकाश आत घ्यावा. मुख उघडून अकार उच्चारावा. ओठ गोल करीत तो उकारात मिळवावा. मग ओठ मिटून मकाराचा गुंजारव श्वास संपेपर्यंत चालू द्यावा. त्यानंतर लगेच दुसरा उच्चार करू नये. क्षणभर त्या निःशब्दतेकडे लक्ष द्यावे, कारण चौथा पाद तोच आहे. आरंभी पाच, पुढे अकरा, मग एकवीस आवर्तने करावी. स्वर फार चढवू नये. श्वास कोंडू नये. वृद्धांनी, तसेच हृदयविकार वा दमा असलेल्यांनी हे पथ्य विशेष पाळावे. सन २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय वैद्यकीय अभ्यासात ओंकारयुक्त मंत्राच्या संथ जपाने श्वासाची गती मिनिटास सुमारे सहापर्यंत उतरल्याचे आढळले. पूर्वसूरींनी संथपणावर दिलेल्या भराला यातून पुष्टीच मिळते.

तथापि श्वासाचे स्वास्थ्य हे या साधनेचे अंतिम फळ नव्हे. पतंजलींनी प्रणवास ईश्वराचा वाचक म्हटले आणि जपासमवेत त्याच्या अर्थाचे चिंतनही सांगितले. दोहोंपैकी एक सुटले की साधना अपुरी राहते : अर्थाविना जप हा कंठाचा व्यायाम होतो, तर जपाविना अर्थ ही कोरडी चर्चा होते. दोन्ही जुळली, तर अंतर्मुखता येते आणि अंतराय दूर होतात, असे ते सांगतात. व्याधी, मनाचे जडत्व, संशय, प्रमाद, आळस, विषयासक्ती, भ्रम, साधनेत भूमिका न लाभणे आणि लाभलेली न टिकणे, असे हे नऊ अंतराय होत.

अंतराय म्हणजेच विघ्ने. ती बाहेरून येत नाहीत, आपल्याच चित्तात ठाण मांडून बसतात. म्हणून विघ्नहर्त्याचे पूजन आणि ओंकाराचा जप ही एकच उपासना ठरते. वरेण्य राजाचे विघ्न सिंदूरासुराहून मोठे होते. ते त्याच्या स्वतःच्या दृष्टीतच होते, आणि ते उपदेशाने फिटले. उत्सवाच्या या दिवसांत आरतीनंतर घरातील लहानथोरांनी पाच मिनिटे मूर्तीसमोर स्वस्थ बसून अकरा ओंकार म्हणावेत. विसर्जनाने मूर्ती जळात विलीन होईल; हा परिपाठ मात्र घरात वर्षभर नांदावा.