घरीं परतल्यानंतर

संकट केव्हां संपतें असा प्रश्न कोणी विचारला तर आपण बहुधा एखादी तारीख सांगतों. पूर ओसरला त्या दिवशीं संपलें. रोग्यास इस्पितळांतून घरीं आणलें त्या दिवशीं संपलें. सरकारी दप्तरांतही नोंद अशीच होते. छावणी उठली, मदतीचा हप्ता वाटला, रोगी बरा होऊन गेला, प्रकरण मिटलें. माणसाच्या मनाचा हिशेब या दप्तराशीं जुळत नाहीं. इतरांनीं संकट संपलें असें मानल्यावर त्याचा अवघड काळ पुष्कळदां सुरू होतो. त्या उरलेल्या काळाविषयीं आज बोलावयाचें आहे. तो काळ निभावून नेण्याचें काम जितकें वैद्याचें, तितकेंच घरच्या माणसांचें व शेजाऱ्यांचें आहे, एवढेंच माझें सांगणें आहे.

प्रथम भूकंपाचें उदाहरण घेऊं. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांतील किल्लारीच्या परिसरास धक्का बसला. आदल्या दिवशीं अनंत चतुर्दशी होती. गणपतीचें विसर्जन करून लोक निजले होते. तिकडील घरें दगडामातीच्या जाड भिंतींचीं, वर मातीचें जड माळवद. उन्हाळ्यांत गारवा देणारें तेंच छत क्षणार्धांत माणसांवर कोसळलें. मृतांची संख्या ८,००० च्या आसपास गेली, आणि पुढें ५२ गांवें नव्या जागीं वसवावीं लागलीं.

अशा आघातानंतर पहिले कांहीं आठवडे मनाची जी अवस्था होते तिला रोग म्हणूं नये. झोप लागत नाहीं. भांडें पडलें तरी छातींत धस्स होतें. छपराखालीं निजण्याची भीति वाटते. घर पडलें तो क्षण न बोलावतां डोळ्यांपुढें उभा राहतो. आपण वांचलों आणि लेंकरूं गेलें, ही टोचणी सुटत नाहीं. मन जणूं पहाऱ्यावर उभें असतें. दिवसांना पुन्हां आकार आला, जवळचीं माणसें जवळ राहिलीं, म्हणजे बहुतेकांचा हा पहारा हळूहळू सैल होतो. परंतु सर्वांचा होत नाहीं. महिना उलटूनही तींच स्वप्नें पडत असतील, त्या जागेची व त्या विषयाची आठवणही माणूस टाळीत असेल, सतत दचकत असेल किंवा आप्तांविषयीं कांहींच वाटेनासें झालें असेल, तर आघातोत्तर तणावाचा विकार जडल्याचा संभव असतो. कोणास नैराश्याचा विकार होतो. किल्लारीच्या परिसरांत त्या काळीं पाहणी करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञांस वांचलेल्या लोकांत हेच दोन विकार प्रामुख्यानें आढळले. दोहोंवर उपचार आहेत. मात्र ‘काळ हेंच औषध’ असें म्हणून वर्षें जाऊं दिलीं, तर काळच दुखणें जुनें करतो.

मग अशा माणसासाठीं आपण काय करावें? एके काळीं असें मानीत कीं, आघात झाल्याबरोबर माणसास एका बैठकींत सगळी हकीगत सांगावयास लावली म्हणजे पुढील विकार टळतो. काळजीपूर्वक केलेल्या प्रयोगांत तसें आढळलें नाहीं. कांहींना तर अपाय झाला. ज्यास बोलावयाचें नाहीं त्यास बोलतें करण्याचा हट्ट धरूं नये, हा त्यांतील बोध. जागतिक आरोग्य संघटनेनें २०११ सालीं मानसिक प्रथमोपचाराची जी पुस्तिका काढली, तींत तीन साध्या क्रिया सांगितल्या आहेत: पाहणें, ऐकणें आणि जोडून देणें. कोणास कशाची निकड आहे तें पाहावें. तो बोलेल तेवढें ऐकावें. आणि त्यास त्याच्या माणसांशीं, अन्नवस्त्राशीं, गरज पडल्यास डॉक्टरांशीं जोडून द्यावें. यांत विद्वत्ता लागत नाहीं, सबुरी लागते.

चौथी गोष्ट अनुभवानें कळते, ती म्हणजे काम. किल्लारीच्या भूकंपानंतर घरांच्या दुरुस्तीचा जो मोठा कार्यक्रम झाला, त्यांत गांवोगांवच्या स्त्रियांस ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यांत आलें होतें. भिंत कशी बळकट करावी हें त्या शिकल्या, शेजारणींना समजावूं लागल्या, अधिकाऱ्यांना प्रश्न विचारूं लागल्या. नुसती मदत घेणाऱ्या माणसाचें मन ‘आपल्यावर ओढवलें’ याच विचाराभोंवतीं फिरत राहतें. ज्याच्या हातीं कांहीं सोंपविलें आहे, त्यास उद्यांचा विचार करावा लागतो. इंग्रजींत ज्यास ‘रिझिलियन्स’ म्हणतात ती सांवरण्याची शक्ति एकट्याच्या छातींत सांठविलेली नसते. पुष्कळशी ती भोंवतालच्या माणसांकडून येते.

आतां दुसऱ्या परतीकडे वळूं. मनोरुग्णालयांतून घरीं येणाऱ्या माणसाचें घरही एका अर्थीं पडलेलेंच असतें. फक्त त्याचा ढिगारा रस्त्यावरून दिसत नाहीं. भूकंपग्रस्ताकडे लोक भाकरी घेऊन धांवतात. टायफॉईडमधून उठलेल्याकडे पेज जाते. ठाणें, येरवडा, नागपूर किंवा रत्नागिरी येथील मनोरुग्णालयांतून, अथवा शहरांतील एखाद्या खासगी रुग्णालयांतून परतलेल्या माणसाच्या घरीं मात्र कोणी समाचारास येत नाहीं. आलेच तर हलक्या आवाजांत बोलतात आणि लवकर उठतात. घरचे स्वतःच ‘तो परगांवीं होता’ असें सांगतात. त्यामुळें ज्या काळांत त्यास सोबतीची गरज सर्वांत जास्त, त्याच काळांत तो एकटा पडतो.

ही गरज किती खरी आहे तें स्पष्ट सांगितलें पाहिजे. निरनिराळ्या देशांतील अनुभव असा आहे कीं, मनोरुग्णालयांतून सुटल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत आणि पुढील तीन महिन्यांत आत्महत्येचा धोका इतर काळाहून पुष्कळ अधिक असतो. कारणें पाहिलीं तर आश्चर्य वाटत नाहीं. इस्पितळांत औषधाची, जेवणाची, झोपेची वेळ दुसरें कोणी पाळीत असतें. घरीं आल्यावर तें सगळें एकाएकीं स्वतःवर येतें. शिवाय दुखण्यानें काय नेलें तें माणसास घरींच दिसतें: गेलेली नोकरी, राहिलेली परीक्षा, झालेला खर्च, बदललेल्या नजरा. आणि थोडें बरें वाटूं लागलें कीं ‘आतां गोळ्या कशाला?’ हा विचार येतो. औषध परस्पर थांबविल्यानें दुखणें उलटण्याचें भय फार असतें.

या बाबतींत लंडन येथील एका शोधाची हकीगत ऐकण्यासारखी आहे. जॉर्ज ब्राऊन या समाजशास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं मनोरुग्णालयांतून सुटलेल्या पुरुषांचें पुढें काय होतें हें तपासून १९५८ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. आईबापांकडे किंवा पत्नीकडे परतलेल्यांहून भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलींत राहावयास गेलेले अधिक बरे राहिले होते! पुढील वर्षांत या कोड्याचा शोध घेतां असें दिसलें कीं, ज्या घरांत रोग्यावर सतत टीका होते, तिटकारा दाखविला जातो किंवा अतिकाळजीनें त्याचा श्वास कोंडला जातो, त्या घरांत दुखणें पुन्हां उलटण्याचें प्रमाण जास्त असतें. घरच्यांमुळें दुखणें होतें, असा याचा अर्थ नाहीं. परंतु घरचें बोलणें त्याच्या वाटेंत कांटे किंवा सांवली घालूं शकतें. पुढें चंदीगड येथें अशीच तपासणी झाली, तेव्हां आपल्याकडील कुटुंबांत हें टीकेचें व अतिकाळजीचें प्रमाण लंडनपेक्षां कमी आढळलें. ही आपली जमेची बाजू आहे. ती गमावूं नये.

सुशिक्षित घरांत हें कसें घडतें पाहा. समजा, धाकटा मुलगा दोन महिन्यांनीं परतला आहे. वडील वर्तमानपत्रावरून नजर उचलून म्हणतात, “आतां तरी नीट राहा.” आत्याबाई येतात त्या त्याच्या देखतच आईला विचारतात, “आतां बरा आहे ना गं हा?” आई दिवसांतून पांच वेळां विचारते, “गोळी घेतलीस का रे?” आणि रात्रीं हळूच दार लोटून पाहते. यांतील कोणीही त्याचें वाईट चिंतीत नाहीं. तरीही एकाच दिवसांत त्यास टीका मिळाली, उपरेपणा मिळाला आणि पहाराही मिळाला. याऐवजीं वडिलांनीं संध्याकाळीं म्हणावें, “चल, भाजी घेऊन येऊं.” गोळीची वेळ त्यानेंच एका कागदावर लिहून भिंतीस लावावी व आईनें दिवसांतून एकदां त्या कागदाकडे पाहावें. आत्याबाईंनीं त्याच्याशींच बोलावें.

घरीं आणण्यापूर्वींही कांहीं कामें आहेत. २९ मे २०१८ पासून अंमलांत असलेल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या ९८ व्या कलमानें उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञावर असें बंधन घातलें आहे कीं, रोग्यास सोडतांना पुढील उपचारांविषयीं त्याच्याशीं व ज्यांच्याबरोबर तो राहणार त्यांच्याशीं विचारविनिमय करावा. म्हणून संकोच न करतां विचारावें: औषध कोणतें, किती व किती दिवस? त्याचे त्रास कोणते, व झाल्यास काय करावें? पहिली भेट कोणत्या तारखेस? (ती शक्य तों आठवड्याच्या आंत असावी.) दुखणें उलटण्याचीं चिन्हें कोणतीं? हीं चिन्हें रोग्यास स्वतःस चांगलीं ठाऊक असतात. कोणाची झोप प्रथम उडते, कोणी जेवण टाळूं लागतो, कोणी अचानक पैसा उधळतो. बरें असतांनाच तीं त्याच्याकडून लिहून घ्यावींत, व तशीं दिसल्यास काय करावें हेंही त्याच्याच संमतीनें ठरवावें.

आणखी एक गोष्ट. ‘जगूं नये असें मनांत येतें का?’ हा प्रश्न विचारण्यास लोक भितात. विचारल्यानें तो विचार मनांत शिरेल असें त्यांस वाटतें. तसें होत नाहीं. शांतपणें विचारल्यानें उलट माणसास भार वांटून घेणारें कोणी भेटतें. उत्तर होकारार्थी आलें तर त्यास एकटें सोडूं नये, सांठलेल्या गोळ्या व कीटकनाशकें घरांतून हलवावींत आणि त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. १४४१६ या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ ही सरकारी मदतवाहिनी ऑक्टोबर २०२२ पासून आहे. तेथें रात्रंदिवस विनामूल्य सल्ला मिळतो.

कधीं कधीं या दोन वाटा एकत्र येतात. पूर आला, घर सोडावें लागलें, आणि त्याच घरांत मनोरुग्णालयांतून नुकताच परतलेला माणूस आहे. २६ जुलै २००५ ला मुंबईनें, ऑगस्ट २०१९ मध्यें कोल्हापूर-सांगलीनें पाहिलें कीं अशा वेळीं कागद, औषधें, सर्व कांहीं पाण्यांत जातें. ज्याची झोप व औषध हाच आधार, त्याचे दोन्ही आधार एका रात्रींत सुटतात. म्हणून पावसाळ्यापूर्वींच डॉक्टरांची चिठ्ठी व पंधरा दिवसांचीं औषधें प्लॅस्टिकच्या पिशवींत बांधून ठेवावींत. छावणींत पोंचल्यावर तेथील डॉक्टरास पहिल्याच दिवशीं सांगावें. लिथियम घेणाऱ्यांनीं विशेष सावध असावें. छावणींत जुलाब-वांत्या होऊन अंगांतील पाणी कमी झालें तर हें औषध रक्तांत अपायकारक प्रमाणांत सांचतें. हात फार कांपूं लागले, चाल अडखळली, तर लगेच दाखवावें.

शेवटीं ज्यांना परतावयास घरच नाहीं त्यांचा उल्लेख केला पाहिजे. वर सांगितलेल्या कायद्याचें १९ वें कलम म्हणतें कीं, कुटुंब नाहीं, कुटुंब स्वीकारीत नाहीं किंवा निवारा नाहीं, एवढ्याच कारणावरून कोणासही मनोरुग्णालयांत राहावें लागूं नये. अशांसाठीं समाजांत राहण्याच्या सोयी करण्याचें काम त्यानें सरकारवर सोंपविलें आहे. परंतु ज्यांस घर आहे आणि तरीही घराचें दार बंद आहे, त्यांचें दार कोणतें कलम उघडणार? तें आंतूनच उघडावें लागतें. आपल्या ओळखीच्या एखाद्या घरीं असें कोणी परतलें असेल तर या आठवड्यांत तेथें जावें. दुखण्याची चौकशी न केली तरी चालेल. चहा घ्यावा, त्याच्याशीं चार शब्द बोलावे, आणि उठतांना पुन्हां केव्हां येऊं तें त्यालाच विचारावें.