एकाएकी कुणी बिथरत नाही

20 एप्रिल 1999 रोजी अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, कोलंबाइन हायस्कूलमध्ये, 18 आणि 17 वर्षांच्या दोन विद्यार्थ्यांनी 12 विद्यार्थी आणि एका शिक्षकाचा जीव घेतला, मग स्वतःवर गोळ्या झाडल्या. त्यांची नावं इथे मुद्दाम देत नाही, कारण अशा नावांना मिळालेली प्रसिद्धी पुढच्या अनेकांना खुणावत आली आहे. घटनेनंतर काही तासांतच बातम्यांनी एक कहाणी उभी केली: लांब काळे कोट घालणाऱ्या टोळीतली दोन एकलकोंडी मुलं, छळाला कंटाळून खेळाडू मुलांवर सूड घ्यायला आली. तपासात ही कहाणी टिकली नाही. लोकांच्या मनात मात्र ती अजून पक्की आहे.

सगळ्यांत चिवट समज म्हणजे ‘डोकं फिरलं आणि गोळ्या झाडत सुटला’. कोलंबाइनची तयारी वर्षभराहून जास्त काळ चालली होती आणि मूळ बेत बॉम्बचा होता. जेवणाच्या सुट्टीत कॅफेटेरिया भरलेला असताना उडावेत असे दोन बॉम्ब त्यांनी बॅगांतून आत ठेवले होते. ते उडाले असते, तर शेकडो मुलं गेली असती. म्हणजे ठरावीक मुलांवर सूड हेही खरं नाही; तिथे जेवायला बसलेला कुणीही त्यांना चालणार होता. एफबीआयने 2000 ते 2013 मधल्या, गोळीबार करणाऱ्या 63 हल्लेखोरांचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांच्या आखणीचा काळ कळू शकला, त्यांतल्या 77 टक्के हल्लेखोरांनी त्यासाठी आठवडा किंवा त्याहून जास्त वेळ घेतला होता.

मग ‘असं करणारा वेडाच असणार’, हे? त्याच अभ्यासात मनोविकाराचं निदान झाल्याची खात्री फक्त 25 टक्के हल्लेखोरांबाबत करता आली. वास्तवाशी संबंध तुटतो अशा आजाराचं निदान झालेले तर तिघेच होते. निदान झालं नाही म्हणजे मन ठीक होतं, असं नव्हे. पण प्रत्येक हत्याकांडानंतर ‘वेडा’ म्हणून मोकळं होणं मला अन्यायाचं वाटतं. कुणाच्या वाटेला न जाता आपला आजार सोसणाऱ्या असंख्य माणसांवर त्याने शिक्का बसतो. कोलंबाइनच्या एका मुलाच्या वहीत जगाविषयी तिरस्कार ओतप्रोत भरलेला होता, तर दुसऱ्याच्या वहीत स्वतःला संपवण्याचे विचार. कृत्य एक, वाटा दोन. म्हणूनच ‘हल्लेखोर असा दिसतो, असा वागतो’ असा ठोकळेबाज नमुना कुणाला काढता आलेला नाही.

छळाचा मुद्दा मात्र पूर्ण खोटा नाही. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिस आणि शिक्षण विभागाने 1974 ते 2000 मधल्या 37 शालेय हल्ल्यांचा अभ्यास केला. त्यातल्या 41 हल्लेखोरांपैकी 71 टक्के जणांना आपला छळ झाल्याचं वाटत होतं आणि 78 टक्के जणांनी आत्महत्येचा विचार किंवा प्रयत्न केलेला होता. पण छळ सोसणारी मुलं लाखो असतात आणि त्यांतलं क्वचितच कुणी शस्त्र उचलतं. एखादी सल जपत राहायची, दोष सगळ्या जगाला द्यायचा आणि मारणं हाच त्यावरचा उपाय, असं ठरवायचं. छळ आणि हत्या यांच्या मधलं हे अंतर हल्लेखोर स्वतः चालून जातो.

‘कुणालाच कल्पना नव्हती’ हे वाक्य तर दर वेळी ऐकू येतं. त्या 37 पैकी 81 टक्के घटनांत निदान एकाला तरी आधी कुणकुण होती. कोलंबाइनमध्ये एका मुलाच्या वेबसाइटवरच्या धमक्यांची तक्रार शेरीफच्या कार्यालयाकडे गेली होती. 1998 मध्ये झडतीच्या वॉरंटसाठी मसुदाही झाला, पण तो न्यायाधीशांपुढे गेलाच नाही. हल्ल्याच्या दोन-अडीच महिने आधी दुसऱ्याने वर्गात गोष्ट लिहिली: काळा कोट घातलेला माणूस विद्यार्थ्यांना ठार मारतो. शिक्षिका अस्वस्थ झाल्या. त्या पालकांशी बोलल्या, समुपदेशकांशीही बोलल्या. ‘नुसती गोष्टच आहे ती,’ असं मुलाने सांगितलं आणि विषय तिथेच संपला. शिक्षिकेजवळ गोष्ट होती, शेरीफकडे धमक्या होत्या. पण दोन्ही कागद एका टेबलावर कधी आलेच नाहीत.

2004 मध्ये कोलोरॅडोत ‘सेफ टू टेल’ ही सेवा सुरू झाली ती यातूनच. मुलं नाव न सांगता तिथे खबर देऊ शकतात, आणि ती पोलिस व शाळा दोघांकडे जाते. येणाऱ्या सूचनांत आत्महत्येच्या भीतीच्या सूचना वर्षानुवर्षं फार मोठ्या संख्येने असतात: माझी मैत्रीण जीव देईन म्हणते आहे, कुणीतरी लवकर जा.