पंखा फिरतो, डिझेल जळतं

चाकणच्या तळेगाव चौकात ट्रकांची रांग लागली की रेडिएटरला वारा मिळतो तो फक्त पंख्याचा. तोच ट्रक द्रुतगती मार्गावर धावू लागला की समोरून येणारी हवाच बरंचसं काम करते. मग पंख्याने उगाच का फिरायचं?

पंखा थेट इंजिनाला जोडलेला असेल तर गरज असो वा नसो, तो फिरणारच. आणि खातो तेही थोडंथोडकं नाही. पंख्याचा वेग दुप्पट झाला की त्याला लागणारी ताकद आठपट होते! म्हणून अवजड गाड्यांत व्हिस्कस क्लच आला. त्याच्या तोंडाशी दोन धातूंची छोटी पट्टी असते. रेडिएटरमधून गरम हवा आली की ती वाकते, आतल्या सिलिकॉन तेलाला वाट मिळते आणि पंखा जोर धरतो. बोरघाट चढताना मध्येच घोंघावतो तो हाच. (मला तो आवाज आवडतो, घरच्यांना नाही.) कारमध्ये बहुधा विजेचा पंखा, सेन्सरने सांगितलं तरच चालू.

क्लच बिघडला म्हणून पंखा कायमचा जखडून टाकणारे महाभाग आहेत. तसं करू नका. इंजिन बंद करून, थंड झाल्यावर पंखा हाताने फिरवून बघा. जाम असेल तर क्लच गेला. मोकळा भिरभिरत राहिला तरीही गेलाच.