लिथियम विद्युत् घटाचे एकस्व-परीक्षण

पुन्हा विद्युत् भारित करता येणाऱ्या लिथियम विद्युत् घटाच्या एखाद्या रचनेसाठी एकस्व, म्हणजेच पेटंट, मागण्यात आले असता एकस्व कार्यालयाकडून होणारी अर्जाची तपासणी. ती रचना खरोखर नवी आहे काय, त्या विषयातील जाणकाराला ती सहज सुचण्याजोगी आहे काय आणि मागितलेल्या हक्काची व्याप्ती शोधकाने उघड केलेल्या माहितीशी प्रमाणशीर आहे काय, हे तीत पाहिले जाते. एकस्व हा शासन व शोधक यांच्यातील एक प्रकारचा करार होय. शोधक आपला शोध इतरांस करून पाहता येईल इतक्या तपशिलाने लिहून देतो व त्याच्या मोबदल्यात शासन त्याला ठराविक मुदतीपुरता इतरांना तो वापरण्यापासून रोखण्याचा हक्क देते. ही मुदत आता बहुतेक देशांत अर्ज दाखल केल्यापासून २० वर्षे असते. घट उत्तम आहे, सुरक्षित आहे वा बाजारात खपेल असा निर्वाळा एकस्वामुळे मिळत नाही. परीक्षक निश्चित करतो ती फक्त हक्काची सीमारेषा. लिथियम घटाच्या बाबतीत ती आखणे विशेष कठीण असते, कारण घटातील बहुतेक पदार्थ पूर्वीच ज्ञात असतात. नावीन्य असते ते त्यांच्या अवस्थेत, जोडणीत किंवा प्रमाणात. रेषा फार आखूड पडली, तर शोधकाचे श्रम वाया जातात. फार लांब गेली, तर संपूर्ण उद्योग एका मालकाच्या परवानगीवर अवलंबून राहतो.

घटाची रचना : लिथियम हा सर्वांत हलका धातू असून त्याचे प्रमाण विद्युत् वर्चस् सु. –३·०४ व्होल्ट आहे. त्यामुळे थोड्या वजनात जास्त ऊर्जा साठविणाऱ्या घटासाठी तो अत्यंत सोयीचा आहे. पाण्याशी त्याची तीव्र विक्रिया होत असल्याने या घटांत जलीय विद्राव वापरता येत नाही. कार्बनी विद्रावकात लिथियमाचे लवण विरघळवून विद्युत् विच्छेद्य तयार करतात. धनाग्र, ऋणाग्र, त्यांच्यामधील सच्छिद्र पडदा आणि विद्युत् विच्छेद्य हे घटाचे मुख्य भाग होत. लिथियम-आयन घट विद्युत् भारित होताना लिथियमाचे आयन धनाग्रातून निघून ऋणाग्रात शिरतात व घट वापरात असताना ते परत येतात. या ये-जा करण्यावरून त्याला झुलत्या खुर्चीचा घट असेही म्हटले जाते. यजमान पदार्थाच्या स्फटिकाची चौकट न मोडता त्याच्या थरांमध्ये पाहुण्या आयनांनी शिरणे यास अंतर्वेशन म्हणतात. या घटांसंबंधीचे बहुतेक महत्त्वाचे दावे कोणत्या पदार्थात असे अंतर्वेशन घडते, याभोवती फिरतात.

परीक्षणाची पद्धती : अर्जाचे दोन प्रमुख भाग असतात. पहिला भाग शोधाचे विवरण व दुसरा भाग दावे. विवरण शोध समजावून देते, तर दावे हक्काची हद्द सांगतात. जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमेला जे महत्त्व, तेच येथे दाव्यांना असते. अर्ज प्रथम आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार विद्युत् घटांसाठी असलेल्या ‘एच०१एम’ या वर्गात घातला जातो. मग परीक्षक आधीची एकस्वे, नियतकालिकांतील लेख, परिषदांतील निबंध व पुस्तके तपासतो. या सर्वांस मिळून पूर्वज्ञान म्हणतात. तुलना करताना अग्रतेची तारीख निर्णायक असते. १८८३ च्या पॅरिस करारानुसार एका सदस्य देशात अर्ज केल्यावर १२ महिन्यांच्या आत दुसऱ्या सदस्य देशात अर्ज केला, तर पहिल्या अर्जाचीच तारीख धरली जाते.

नावीन्य आणि शोधक्षम पायरी या दोन कसोट्या वेगळ्या आहेत. दाव्यातील सर्व घटक पूर्वीच्या एकाच लेखात एकत्र आढळले, तर दाव्यात नावीन्य नाही असे ठरते. ते निरनिराळ्या लेखांत विखुरलेले असतील, तर ते एकत्र करण्याचे त्या विषयातील सामान्य जाणकाराला सहज सुचले असते काय, असा प्रश्न विचारला जातो. सुचले असते, तर शोधक्षम पायरी नाही. याखेरीज औद्योगिक उपयुक्तता व विवरणाची पूर्णता पाहिली जाते. दहा संयुगे करून पाहून हजार संयुगांवर हक्क मागितला असेल, तर परीक्षक आक्षेप घेतो. आक्षेपांचा अहवाल मिळाल्यावर अर्जदार युक्तिवाद करतो किंवा दावे संकुचित करतो. अशा उत्तर-प्रत्युत्तरांतून दाव्याचे अंतिम शब्द ठरतात.

व्हिटिंगम यांचा घट : अमेरिकेतील एक्सॉन कंपनीत एम्. स्टॅन्ली व्हिटिंगम यांनी १९७० नंतरच्या दशकात टिटॅनियम डायसल्फाइडाचे धनाग्र व लिथियम धातूचे ऋणाग्र असलेला घट तयार केला. त्याचा विद्युत् दाब दोन व्होल्टपेक्षा अधिक होता. या शोधाचे अमेरिकन एकस्व १९७७ मध्ये मिळाले. घट वारंवार विद्युत् भारित केल्यावर मात्र लिथियम धातू ऋणाग्रावर सपाट न बसता सुईसारख्या तंतूंच्या रूपात वाढतो. तंतू पडद्यातून पलीकडे पोहोचल्यास अंतर्गत मंडल संक्षेप होऊन आग लागू शकते. कॅनडातील मोली एनर्जी या कंपनीच्या लिथियम धातू व मॉलिब्डेनम डायसल्फाइड यांच्या घटांना आग लागल्याने ते १९८९ मध्ये परत मागवावे लागले. एकस्व-परीक्षणात असा धोका तपासला जात नाही. ते काम सुरक्षिततेच्या मानकांचे व चाचणी-प्रयोगशाळांचे असते.

ज्ञात संयुग, नवी अवस्था : इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड येथे जॉन बी. गुडइनफ व त्यांचे सहकारी यांनी सल्फाइडाऐवजी ऑक्साइडाचा विचार केला. लिथियम कोबाल्ट ऑक्साइडातून अर्ध्याच्या आसपास लिथियम काढून घेतले, तरी त्याची स्तरित संरचना टिकते व लिथियमाच्या तुलनेत सु. चार व्होल्ट दाब मिळतो, असे त्यांना आढळले. गुडइनफ व कोइची मिझुशिमा यांच्या नावे असलेले या शोधाचे अमेरिकन एकस्व नोव्हेंबर १९८१ मध्ये मंजूर झाले.

परीक्षणाच्या दृष्टीने हे उदाहरण बोधप्रद आहे. लिथियम कोबाल्ट ऑक्साइड हे संयुग १९५० नंतरच्या दशकापासूनच ज्ञात होते. तेव्हा नुसत्या संयुगावर हक्क मागितला असता, तर तो नावीन्याच्या कसोटीवर टिकला नसता. म्हणून एकस्वात लिथियम, सोडियम किंवा पोटॅशियम आणि संक्रमणी धातू यांच्या स्तरित ऑक्साइडांचे वर्णन आहे. परंतु त्यांतील धातूचे प्रमाण एकापेक्षा कमी असले पाहिजे आणि ही रिक्तस्थाने धातूचे आयन बाहेर काढून निर्माण झालेली असली पाहिजेत, अशी अट त्यास जोडलेली आहे. म्हणजे जो पदार्थ पूर्वी माहीत होता तो भरलेल्या अवस्थेतील. शोध होता तो काहीसा रिता केलेल्या अवस्थेचा. एका अटीने ज्ञात व अज्ञात यांच्यामधील सीमा स्पष्ट झाली. या एकस्वाचे हक्क युनायटेड किंगडम ॲटॉमिक एनर्जी ऑथॉरिटी या संस्थेकडे होते. गुडइनफ यांना त्यापासून स्वामित्वशुल्क मिळाले नाही.

मोजमापांनी आखलेला दावा : लिथियम धातूचे ऋणाग्र टाळण्यासाठी लिथियम सामावून घेणाऱ्या कार्बनाचा विचार पुढे आला. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत समर बसू यांनी लिथियम व ग्रॅफाइट यांच्या ऋणाग्राचा घट मांडला व त्याचे एकस्व १९८१ मध्ये मिळाले. तथापि त्या काळी वापरात असलेल्या काही विद्रावकांचे ग्रॅफाइटाच्या पृष्ठभागावर अपघटन होई. जपानमधील आसाही कासेई कंपनीत आकिरा योशिनो यांनी खनिज तेलापासून मिळणाऱ्या कोकसारख्या कार्बनाचे ऋणाग्र व लिथियम कोबाल्ट ऑक्साइडाचे धनाग्र यांची जोडणी केली. त्यांचा मूळ जपानी अर्ज मे १९८५ मधील असून योशिनो व त्यांचे सहकारी यांना अमेरिकन एकस्व मे १९८७ मध्ये मिळाले.

येथे धनाग्र ज्ञात होते आणि कार्बनात लिथियम शिरते हेही ज्ञात होते. ‘लिथियम सामावणारा कार्बन’ एवढाच दावा केला असता, तर तो पूर्वज्ञानावर जाऊन आदळला असता. म्हणून योशिनो यांच्या एकस्वात कार्बनाची ओळख मोजमापांनी करून दिली आहे. त्याचे विशिष्ट पृष्ठफळ दर ग्रॅमला ०·१ ते १०० चौ. मी. यांच्या दरम्यान व खरी घनता दर घ. सेंमी.ला १·७० ते २·१८ ग्रॅम यांच्या दरम्यान हवी. शिवाय क्ष-किरण विवर्तनाने मोजलेली स्फटिकांची जाडी घनतेशी ठराविक गणिती संबंधाने बांधलेली हवी. अशा दाव्यांना राशिमूल्यांचे दावे म्हणता येईल. त्यांचा गुण असा की हद्द आकड्यांत स्पष्ट होते. परीक्षकाची अडचण अशी की जुन्या लेखांतील कार्बनाची ही मापे बहुधा कोणी घेतलेलीच नसतात; त्यामुळे एखादा जुना नमुना नकळत याच हद्दीत पडत होता काय, हे केवळ कागदपत्रांवरून सांगता येत नाही. आकडे नवे असले, म्हणजे पदार्थही नवा असतोच असे नाही, याचे भान परीक्षकाला ठेवावे लागते.

लोह फॉस्फेटाचा वाद : परीक्षणानंतर एकस्व मिळाले, तरी सीमारेषेचा प्रश्न कायमचा मिटतोच असे नाही. टेक्सस विद्यापीठात गुडइनफ, अक्षय पाधी, के. एस्. नंजुंडस्वामी व सहकारी यांनी लिथियम लोह फॉस्फेटाचे धनाग्र शोधले. लोह स्वस्त व विपुल असून हा घट उष्णतेने सहसा बिघडत नाही. त्याचा दाब लिथियमाच्या तुलनेत सु. ३·४ व्होल्ट असतो. अमेरिकेतील पहिला अर्ज एप्रिल १९९६ मधील असून एकस्व जून १९९९ मध्ये मंजूर झाले. हे संयुगही सर्वस्वी नवे नव्हते. ट्रायफिलाइट या खनिजात लोह, मँगॅनीज व लिथियम यांचे फॉस्फेट निसर्गतः आढळते. खनिज ज्ञात असले, तरी त्यातून लिथियम काढता व परत घालता येते आणि त्यापासून घटाचे धनाग्र करता येते, ही बाब ज्ञात नव्हती. म्हणून दावा खनिजावर नसून पुन्हा विद्युत् भारित करता येणाऱ्या घटातील धनाग्रद्रव्यावर होता. मात्र तो लोहापुरता मर्यादित न ठेवता इतर संक्रमणी धातूंपर्यंत विस्तारलेला होता.

जपानच्या निप्पॉन टेलिग्राफ अँड टेलिफोन या कंपनीनेही या वर्गातील पदार्थांसाठी अर्ज केला होता. विद्यापीठातील माहितीचा तिने गैरवापर केला, असा आरोप करून विद्यापीठाने २००१ मध्ये दावा लावला; तो २००८ मध्ये तडजोडीने मिटला. अमेरिकेत घट-उत्पादकांच्या मागणीवरून एकस्वाचे पुनर्परीक्षण झाले व ते टिकून राहिले. यूरोपात मात्र तेथील संबंधित एकस्व हरकतीच्या कार्यवाहीत डिसेंबर २००८ मध्ये रद्द करण्यात आले. एकाच शोधाला दोन खंडांत दोन निराळे निर्णय मिळाले, कारण एकस्व हा प्रत्येक देशाच्या वा प्रदेशाच्या कायद्याखाली मिळणारा स्वतंत्र हक्क आहे. जगभर चालणारे एकच एकस्व अस्तित्वात नाही.

भारतातील तरतुदी : भारतात १९७० चा एकस्व अधिनियम २० एप्रिल १९७२ पासून अंमलात आला. मुख्य कार्यालय कोलकाता येथे असून मुंबई, दिल्ली व चेन्नई येथे शाखा आहेत. महाराष्ट्र व गोवा येथील अर्ज मुंबई शाखेच्या अधिकारक्षेत्रात येतात. अर्ज सामान्यतः १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. परीक्षण आपोआप होत नाही, त्यासाठी वेगळी विनंती करावी लागते. तिची मुदत २०२४ च्या नियमदुरुस्तीने अग्रतेच्या तारखेपासून ४८ महिन्यांऐवजी ३१ महिने करण्यात आली. पहिल्या अहवालातील आक्षेपांचे निरसन सहा महिन्यांत करावे लागते. ही मुदत तीन महिन्यांनी वाढवून मिळू शकते. प्रसिद्धीनंतर व मंजुरीपूर्वी कोणाही व्यक्तीस लेखी हरकत घेता येते. मंजुरीनंतर एक वर्षाच्या आत हितसंबंधित व्यक्तीस हरकत घेता येते.

विद्युत् घटांच्या दृष्टीने कलम ३ (डी) महत्त्वाचे आहे. ज्ञात पदार्थाच्या केवळ नव्या गुणधर्माचा वा नव्या उपयोगाचा शोध या कलमानुसार एकस्वास पात्र नाही. ‘हे ज्ञात ऑक्साइड घटात वापरता येते’ एवढेच म्हणणारा दावा या कारणाने अडतो. विशिष्ट धनाग्र, ऋणाग्र व विद्युत् विच्छेद्य यांची परस्परपूरक रचना असलेल्या घटावरील दावा निराळ्या पायावर उभा असतो. तसेच कलम ३ (ई) नुसार घटकांच्या गुणांची केवळ बेरीज होणारे मिश्रण पात्र ठरत नाही. म्हणून नव्या विद्युत् विच्छेद्यासाठी अर्ज करणाऱ्यास मिश्रणाचा परिणाम बेरजेहून अधिक असल्याचे प्रयोगाच्या आकड्यांनी दाखवावे लागते. अर्जदारास माहीत असलेली सर्वोत्तम पद्धत विवरणात सांगणेही बंधनकारक आहे.

परीक्षणाच्या मर्यादा : परीक्षकापुढे कागद असतो, घट नसतो. भविष्यात कोणता दावा मोलाचा ठरेल हे त्याला ठाऊक नसते व ते ठरविणे त्याचे कामही नव्हे. व्हिटिंगम, गुडइनफ व योशिनो यांच्या एकस्वांचे हक्क अनुक्रमे एक तेल कंपनी, एक शासकीय अणुऊर्जा संस्था व एक रसायन कंपनी यांच्याकडे होते. लिथियम-आयन घट १९९१ मध्ये प्रथम बाजारात आणला तो सोनी या चौथ्याच कंपनीने. तिन्ही शास्त्रज्ञांना २०१९ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले. पारितोषिक एकूण कामगिरीला मिळते, एकस्व मात्र प्रत्येक पावलाला वेगळे मिळते. हे पाऊल आधीच्या पावलापासून नेमके कोठे सुटे होते, हे शब्दांत व आकड्यांत निश्चित करणे हेच परीक्षणाचे कार्य होय. ते नीट झाले, तर मुदत संपल्यावर शोध सर्वांचा होतो आणि मुदत चालू असतानाही त्याच्या हद्दीबाहेरचे क्षेत्र पुढील संशोधकास मोकळे राहते.