माश्यांचा उपद्रव : उपाय फवारणीत नव्हे, कचऱ्याच्या विल्हेवाटीत

पावसाळा सुरू होताच घराघरांत माश्यांचा उपद्रव वाढतो. धुरी, कापूर, कीटकनाशकाची फवारणी असे उपाय केले जातात. मात्र दोन-चार दिवसांतच माश्या पुन्हा दिसू लागतात. याचे कारण माशीच्या जीवनक्रमात आहे.

घरमाशीची मादी ओला कचरा, शेण, विष्ठा किंवा कुजलेल्या अन्नात एका वेळी सुमारे ७५ ते १५० अंडी घालते. उष्ण हवेत साधारण एका दिवसात त्यांतून अळ्या बाहेर पडतात. काही दिवस त्या घाणीतच वाढून अळ्या कोरड्या जागी कोषात जातात. अनुकूल हवामानात अंड्यापासून माशी तयार होण्यास सात ते दहा दिवस पुरतात. फवारणीने केवळ उडणाऱ्या माश्या मरतात; पुढची पिढी कचऱ्यात सुरक्षित राहते. शिवाय माश्यांमध्ये कीटकनाशकांविरुद्ध प्रतिकारशक्तीही निर्माण होते. डीडीटीबाबत हा अनुभव १९४०च्या दशकातच आला होता.

माशीला घन अन्न खाता येत नाही. लाळ व पोटातील द्रव टाकून ती ते विरघळवते आणि शोषून घेते. याच क्रियेतून, तसेच पायांवरील केसांना चिकटून, विष्ठेतील रोगजंतू उघड्या अन्नावर येतात. अतिसार, हगवण, विषमज्वर व पटकीचा प्रसार अशा प्रकारे होऊ शकतो. लहान मुलांसाठी अतिसार विशेष धोकादायक असतो. डोळ्यांच्या खुपऱ्या या विकाराच्या प्रसारालाही माश्या हातभार लावतात. भारतात सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून या विकाराचे उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये जाहीर केले.

माश्यांची पैदास रोखण्यासाठी ओला कचरा झाकणाच्या डब्यात ठेवून शक्यतो दररोज, निदान आठवड्यातून दोनदा, घराबाहेर काढणे आवश्यक आहे. डब्याचा तळ व काठ धुऊन कोरडे करावेत, कारण तेथे साचलेला थरही अळ्यांना पुरतो. गोठ्यातील शेण रोज उचलावे आणि खतखड्डा मातीने झाकावा. खिडक्यांना बारीक जाळी लावावी, अन्न झाकून ठेवावे. अन्नाजवळ कीटकनाशक फवारू नये.

माशी काही किलोमीटरपर्यंत उडू शकते. त्यामुळे एकच घर स्वच्छ ठेवून भागत नाही. वस्तीतील कचराकुंडी आणि उघडी गटारे यांच्या स्वच्छतेसाठी नागरिक व स्थानिक प्रशासन या दोघांनीही दक्ष राहणे गरजेचे आहे.