लिनक्सवर धंदा चालवताय? मग अँटिव्हायरस आणि फायरवॉल लागते का?



१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. दुकानातला जुना कॉम्प्युटर विंडोज ११ ला चालत नाही आणि नवीन घ्यायचं तर खर्च मोठा. म्हणून बरेच छोटे व्यावसायिक लिनक्स मिंट किंवा उबंटूकडे वळतायत. निर्णय चांगला आहे, पण लगेच एक प्रश्न येतो : "लिनक्सला व्हायरस लागत नाही म्हणतात, मग अँटिव्हायरसचे पैसे वाचले ना?"

थोडक्यात उत्तर आधीच देतो. फायरवॉल सुरू करा, ती फुकट आहे. अँटिव्हायरस लागेल की नाही हे तुमच्या धंद्यावर ठरतं. आणि अपडेट व बॅकअप नसेल, तर या दोघांच्या भरवशावर राहू नका. आता कारणं बघू.

"लिनक्सला व्हायरस लागत नाही" हे कितपत खरं?

अर्धं खरं. पहिली गोष्ट, विंडोजसाठी बनवलेला व्हायरस लिनक्सवर सहसा चालतच नाही. दुसरी, लिनक्समध्ये आपण सॉफ्टवेअर सहसा कुठल्याही वेबसाइटवरून उचलत नाही, सिस्टीमच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घेतो. तिसरी, सिस्टीममध्ये बदल करायचा तर पासवर्ड मागितला जातो.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या. पासवर्ड लागतो तो सिस्टीम बिघडवायला. तुमचा बिलांचा फोल्डर, गिऱ्हाइकांची यादी, कोटेशनच्या फाइल्स या तुमच्याच खात्यात असतात. तुम्ही चालवलेला एखादा चुकीचा प्रोग्राम पासवर्ड न मागताही त्या पुसू शकतो. आणि धंद्यात खरा माल तोच आहे. सिस्टीम तासाभरात पुन्हा टाकता येते, तीन वर्षांची उधारीची वही पुन्हा टाकता येत नाही.

एक खरी घटना

जून २०१७. दक्षिण कोरियातली नायाना नावाची वेब होस्टिंग कंपनी. एरेबस नावाच्या रॅन्समवेअरने तिचे १५३ लिनक्स सर्व्हर कुलूपबंद केले. त्यांवर ३,४०० हून जास्त व्यवसायांच्या वेबसाइट होत्या. शेवटी कंपनीने सुमारे १० लाख डॉलर खंडणी मोजली.

त्या कंपनीची वेबसाइट कशावर चालत होती हे नंतर तज्ज्ञांनी बघितलं. लिनक्सचं कर्नल २००८ मध्ये तयार केलेलं, अपाची आणि पीएचपी २००६ सालच्या आवृत्त्यांचे. म्हणजे लिनक्स होतं, पण वर्षानुवर्षं अपडेट नव्हतं. दुकानाला शटर आहे, पण कुलूप दहा वर्षांपूर्वीचं आणि किल्ली गावभर, असा प्रकार.

अँटिव्हायरस कोणाला लागतो?

समजा तुमचं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. दिवसभर लोक पेन ड्राइव्ह घेऊन येतात. फोल्डरचे शॉर्टकट करून टाकणारा व्हायरस तुम्ही पाहिलाच असेल. तो तुमच्या लिनक्सचं काही बिघडवणार नाही. पण त्याच पेन ड्राइव्हवरची फाइल तुम्ही पुढे दुसऱ्याला मेल केली, तर त्याच्या विंडोजचं बिघडवू शकतो. मग नाव कोणाचं खराब होणार? तुमचंच.

म्हणून लिनक्सवरचा अँटिव्हायरस बहुतेक वेळा आपल्यापेक्षा समोरच्यासाठी असतो. ज्यांच्याकडे बाहेरच्या फाइल्स येतात आणि पुढे जातात, म्हणजे झेरॉक्सवाले, प्रिंटिंगवाले, टॅक्सची कामं करणारे, त्यांनी क्लॅमएव्ही टाकून घ्या. तो मोफत आणि मुक्तस्रोत आहे. साधारणपणे आपण सांगू तेव्हाच तो फाइल तपासतो, सतत पहारा देत बसत नाही. त्यामुळे पेन ड्राइव्ह लावला की आधी तपासायचा, ही सवय दुकानातल्या मुलालाही लावा.

तुमचं काम फक्त बिलिंग, ईमेल आणि ब्राउझर एवढंच असेल, तर अँटिव्हायरसवाचून अडणार नाही.

फायरवॉल म्हणजे काय आणि कशी सुरू करायची?

फायरवॉल म्हणजे दारावरचा वॉचमन. नेटवर्कवरून तुमच्या कॉम्प्युटरमध्ये कोण शिरू पाहतंय हे ती बघते आणि परवानगी नसेल तर अडवते. घरच्या राउटरमुळे थोडं संरक्षण आधीच मिळतं. पण को-वर्किंग ऑफिस, लॉज, प्रदर्शनातला स्टॉल, कॅफे अशा ठिकाणचं वायफाय वापरलंत, की तुम्ही अनोळखी लोकांसोबत एकाच नेटवर्कवर असता.

उबंटू आणि मिंटमध्ये यूएफडब्ल्यू नावाची फायरवॉल आधीपासूनच असते, पण बंद असते. मिंटच्या मेनूमध्ये फायरवॉल शोधा, स्टेटसचं बटण सुरू करा, इनकमिंग 'डिनाय' आणि आउटगोइंग 'अलाउ' ठेवा. दोन मिनिटांचं काम.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा :

- दुकानातले इतर कॉम्प्युटर तुमच्या मशीनवरचा शेअर्ड फोल्डर किंवा प्रिंटर वापरत असतील, तर फायरवॉल सुरू केल्यावर ते बंद पडू शकतं. अशा वेळी फायरवॉल बंद करू नका, फक्त त्या सेवेला परवानगी द्या, तीही आपल्याच नेटवर्कपुरती.
- वेबसाइटसाठी स्वतःचा सर्व्हर भाड्याने घेतला असेल, तर तिथे फायरवॉल हवीच. साधारणपणे ८० आणि ४४३ हे वेबसाइटचे पोर्ट आणि एसएसएचसाठी २२ एवढेच उघडे ठेवा. आधी एसएसएचला परवानगी द्या, मगच फायरवॉल सुरू करा. उलट केलंत तर स्वतःच बाहेर अडकाल.

आणि तो भिंतीवरचा कॅमेरा?

बऱ्याच सीसीटीव्ही रेकॉर्डर आणि राउटरच्या आतही लिनक्सच असतं. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने जगभरातली अशी उपकरणं ताब्यात घेतली. युक्ती साधी होती : कंपनीने दिलेले साठेक ठरावीक यूजरनेम-पासवर्ड लावून बघायचे. तुमच्या डीव्हीआरचा पासवर्ड अजून बसवणाऱ्याने ठेवलेलाच आहे का? तो आधी बदला.

या आठवड्यात करायची पाच कामं

१. सगळे अपडेट टाका आणि दर आठवड्याचा एक वार त्यासाठी ठरवा.
२. फायरवॉल सुरू करा.
३. धंद्याच्या फाइल्सचा बॅकअप बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि काम झालं की डिस्क काढून ठेवा. जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर तिलाही सोडत नाही.
४. राउटर आणि डीव्हीआरचे पासवर्ड बदला.
५. बाहेरचे पेन ड्राइव्ह येत असतील तर क्लॅमएव्ही टाका.

शेवटचं. "तुमचं केवायसी संपलंय, लिंकवर क्लिक करा" असा मेसेज आला आणि तुम्ही ओटीपी सांगितला, तर लिनक्स, अँटिव्हायरस, फायरवॉल यांपैकी कोणीही तुम्हाला वाचवू शकत नाही. तसं झालंच तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

बॅकअप कसा घ्यायचा, हे पुढच्या व्हिडिओत टप्प्याटप्प्याने दाखवतो. तोपर्यंत एक रिकामी हार्ड डिस्क तयार ठेवा!