परवान्यावर पाडलेला पैसा

कन्नडच्या पेठेत आमचं किराणा दुकान. सुटे नसले की आम्ही गिऱ्हाइकाच्या हातावर चॉकलेट टेकवतो. तेच त्याने उद्या परत दिलं तर मात्र घेत नाही. अशीच इंग्लंडात एकदा तांब्याच्या नाण्यांची टंचाई पडली, मजुरी वाटायला सुटे मिळेनात, तेव्हा 1787 साली अँग्लसी बेटावरच्या पॅरिस खाण कंपनीने स्वतःच्या तांब्याचे बिल्ले पाडले. ते कुठे वटतील, तेही कडेवर कोरलं: लंडन, लिव्हरपूल किंवा अँग्लसी. म्हणून लोकांनी ते घेतले.

आपल्याकडे पेशवाईत खासगी माणसाला टांकसाळीचा परवानाच मिळे. न्यायमूर्ती रानड्यांनी नागोठण्याच्या बालाजी बापूजीच्या परवान्याची नोंद दिली आहे. मुदत तीन वर्षं, पैसा दहा मासे वजनाचा, म्हणजे पावणेदहा ग्रॅमच्या आसपास. सरकारात भरणा वर्षावर्षाला चढता: 50, 75, मग 100 रुपये.

माझ्या गल्ल्यात मराठ्यांचा असाच एक तांब्याचा पैसा आहे, झिजकी शिवराई. एकीकडे ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’. ठसा मोठा नि चकती लहान, त्यामुळे कडेची अक्षरं अर्धीच उमटलीत.

आमच्या भागात निजामाचा हाली सिक्का चाले; औट्रम घाट उतरून चाळीसगावला गेलं की इंग्रजांचा कलदार. हिशेब ठरलेला: सात हालीला सहा कलदार. महायुद्धात धातू महागला, तेव्हा 1943 पासून इंग्रज सरकारने पैशाच्या मधोमध भोकच पाडलं. लोक ते पैसे सुतळीत ओवून ठेवत.